फिजीच्या सागराचे दोन नकाशे

फिजी हें नांव आपल्या ओळखीचें झालें तें उंसाच्या मळ्यांमुळें, आणि 1879 पासून तेथें करारानें नेलेल्या हिंदी मजुरांमुळें. तेथील समुद्राची वार्ता आपल्याकडे क्वचितच येते. वास्तविक मूळच्या फिजीवासीयांच्या मतें जमीन व समुद्र अशा दोन निराळ्या वस्तूच नाहींत. ‘वानुआ’ या त्यांच्या एका शब्दांत भूमि, तिच्यावर नांदणारें कुळ आणि प्रवाळाच्या बांधापर्यंतचें पाणी हें सर्व सामावतें. त्या पाण्यांत प्रत्येक कुळसमूहाची मासेमारीची जी वंशपरंपरागत हद्द, तिला ‘गोलिंगोली’ म्हणतात.

10 ऑक्टोबर 1874 रोजीं लेवुका येथें हीं बेटें ब्रिटिश राज्यास जोडलीं गेलीं आणि वानुआचे दोन तुकडे झाले. जमीन बव्हंशीं कुळांकडे राहिली. गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन याचें तें धोरणच होतें. परंतु भरतीच्या रेषेपलीकडचें सर्व सरकारचें, हा इंग्रजी न्याय समुद्रास लागला. 1881 सालीं खुद्द गव्हर्नरानें सरदारांस ग्वाही दिली कीं, खडकांवरील तुमचे हक्क जाणार नाहींत. ग्वाही तोंडची, मालकी दप्तरांतली! पुढें मासे धरण्याचा परंपरागत हक्क कायद्यानें मान्य केला, सरकारी आयोगानें हद्दी मोजल्या, आणि चारशेंहून अधिक गोलिंगोली कागदावर आल्या; मालकी मात्र होती तेथेंच राहिली.

हा झाला पहिला नकाशा. त्यांत सीमा आहेत. सीमेच्या आंत काय आहे, तें नाहीं. कोणत्या चिखलांत शिंपले वाढतात, कोणता मासा कोणत्या महिन्यांत कोठें येतो, हें गांवकऱ्यांस ठाऊक; आणि उथळ पाण्यांतील वेचणी बायकांकडे असल्यामुळें किनाऱ्याचें ज्ञान विशेषतः त्यांनाच.

दुसऱ्या नकाशाची गोष्ट वेराता जिल्ह्यांतील उदुनिवानुआ या गांवाची. ‘काइकोसो’ नांवाचे शिंपले तेथें पूर्वीं कांहीं तासांत पोतींच्या पोतीं मिळत. वीस वर्षांनीं दिवसभर वेचूनहि अर्धें पोतें भरेना, आणि तेंहि बारीक शिंपल्यांचें. तेव्हां गांवकरी व दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाचे शास्त्रज्ञ एकत्र बसले. कोणी सांगितलें म्हणून नव्हे, तर स्वतः दोर टाकून, चौकटी मांडून गांवच्या स्त्री-पुरुषांनीं शिंपले मोजले. 1997 सालीं किनाऱ्यावरील 24 हेक्टर चिखल व समुद्री गवत त्यांनीं तीन वर्षांकरितां ‘ताम्बू’ ठरविलें. (निषिद्ध या अर्थाचा इंग्रजी शब्द पॅसिफिकच्या बेटांवरूनच त्या भाषेंत गेला.) ही युक्ति नवी नव्हती, थोर सरदार वारला म्हणजे शंभर रात्री पाणी बंद ठेवण्याची चाल जुनीच. नवी होती ती मोजदाद. बंद जागेंत शिंपले वाढलेच, आणि शेजारच्या खुल्या जागेंतहि वाढले. पाहतां पाहतां शेंकडों गांवांनीं हा पाठ गिरविला. 2002 मध्यें या गांवांच्या संघटनेस आंतरराष्ट्रीय पारितोषिकहि मिळालें.

मग पहिल्या नकाशाचा प्रश्न पुनः उठला. गोलिंगोलीची मालकी कुळांस परत द्यावी, असें विधेयक 2006 सालीं लोकसभेपुढें आलें. किनाऱ्यावरील हॉटेलवाले घाबरले. सेनापति बैनिमारामा यानेंहि त्यास कडवा विरोध केला. 5 डिसेंबर रोजीं त्यानें सत्ता घेतली. बंडास कारणें अनेक होतीं, पण हें विधेयक त्यांत ठळक होतें, आणि तें बुडालें. हिंदी वंशाच्या कोळ्यांस नव्या मालकांची धास्ती वाटत असे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. त्यांची ती भीति निराधार म्हणवत नाहीं.

गांवांनीं ताम्बू सोडलें नाहीं. मात्र बहुतेक ठिकाणीं त्यामागें सरदाराच्या शब्दावांचून दुसरें बळ नाहीं. रात्रीं परकी होडी आली तर गांवचा बिनपगारी रखवालदार परवाना विचारूं शकतो. परवाना असला तर आपल्या नकाशावरील रेघ दाखवितो, आणि होडी वळते कीं काय तें पाहत उभा राहतो.