साहेबाचा कट्टा आणि हेलियमची तारीख

विजयदुर्ग किल्ल्यात काही चौथरे आहेत. गावात त्यांना 'साहेबाचा कट्टा' म्हणतात. शिवाजी महाराज, आंग्रे, १७५६ सालचा वॉटसन आणि क्लाइव्ह यांचा हल्ला, एवढा इतिहास असलेल्या किल्ल्यात या चौथऱ्यांकडे एरवी कोण बघणार? पण तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहात म्हटल्यावर गोष्ट ऐकायला मिळतेच: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियमचा शोध लावला. किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिनही साजरा होतो.

गोष्ट ऐकायला छान आहे. पण उद्या हे वाक्य तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत टाकायचं असेल, तर आधी त्याचे तुकडे करा. माणूस कोण, जागा कुठली, दिवस कुठला, आणि त्या दिवशी नेमकं केलं काय? प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासायचा. आख्खं वाक्य एकदम खरं की खोटं ठरवायला गेलात तर फसाल, कारण यातले निम्मे तुकडे खरे आहेत.

तारीख खरी आहे. त्या दिवशी ग्रहणाचा पट्टा अरबी समुद्रावरून येऊन आजचा दक्षिण कोकण, उत्तर कर्नाटक आणि आंध्र ओलांडून गेला. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता. लेफ्टनंट जॉन हर्शेल (युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचा नातू) जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, दुर्बीण लावून बसला होता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला.

आणि लॉकियर? ते इंग्लंडमध्ये होते. युद्ध खात्यात कारकुनी करणारा हा हौशी खगोलशास्त्रज्ञ नव्या स्पेक्ट्रोस्कोपची वाट बघत होता. तो हातात आल्यावर, २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसतानाच त्यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. जान्सेन यांनी हीच करामत गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी साधली होती, पण त्यांचं पत्र बोटीने जायचं होतं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांची चित्रं असलेलं एकच पदक काढलं.

आता चौथा तुकडा, 'शोध लावला'. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात, हेलियमची ५८७.६ वर. फरक दीड नॅनोमीटरच्या आसपास. ग्रहणाची चारपाच मिनिटं, हाताने फिरवायचं उपकरण, आजूबाजूला अंधार, अशा घाईत ती सोडियमचीच वाटणं अगदी साहजिक होतं. रेषा वेगळी आहे हे ठरवणं, मग प्रयोगशाळेत कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळत नाही हे पाहणं आणि मग नवं मूलद्रव्य असल्याचा अंदाज बांधणं, ही सगळी नंतरची कामं आहेत. त्यात रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड लॉकियर यांच्या सोबत होते. रॅम्झी यांना पृथ्वीवर, क्लीव्हाइट नावाच्या खनिजात, हेलियम सापडला तो १८९५ साली. या सत्तावीस वर्षांना तुम्ही एक तारीख कशी देणार? १८ ऑगस्ट ही सोयीची तारीख आहे, इतकंच.

मग कट्टा खोटा का? अजिबात नाही. लॉकियर विजयदुर्गला आले होते, फक्त तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा पुन्हा याच किनाऱ्यावरून आत शिरला. तोवर ते 'सर' झाले होते. 'मेल्पोमिनी' या ब्रिटिश युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी त्यांनी निरीक्षणाच्या कामाला लावले. ग्रहण जेमतेम दोन मिनिटांचं, त्यामुळे कोणी काय करायचं याची आधी तालीम. हेलियमची रेषा ज्या थरातून येते तो सूर्याचा वर्णगोल त्यांना या वेळी प्रिझम लावलेल्या कॅमेऱ्यांनी टिपायचा होता.

एखाद्या ठिकाणाहून खग्रास ग्रहण दिसायला सरासरी पावणेचारशे वर्षं लागतात. विजयदुर्गच्या वाट्याला तीस वर्षांत दोन आली. आजोबांनी पाहिलेलं ग्रहण, नातवाने पाहिलेलं ग्रहण आणि दुसऱ्या वेळी आलेला प्रसिद्ध साहेब. यांची सरमिसळ झाली नसती तरच नवल. गावाची आठवण खोटी म्हणून निकालात काढू नका. साहेब आला, सूर्य पाहिला, त्याचं नाव हेलियमशी जोडलेलं आहे, हे सगळं तिने बरोबर जपलंय. चुकलं ते साल, आणि छापील मजकुरात ते न तपासता पुढे ढकलणाऱ्यांना मी जास्त दोष देईन.

शोधताना दोन अडचणी येतील. एक, आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर फारसं हाती लागणार नाही. जुने अहवाल 'विझियाद्रुग' म्हणतात, त्याआधीचे 'घेरिया'. दोन, काही अहवालांत हेच ग्रहण '२१-२२ जानेवारी' असं येतं. ती छपाईची चूक नाही. खगोलशास्त्रज्ञांचा दिवस १९२५ पर्यंत दुपारी बारा वाजता सुरू व्हायचा, त्यामुळे ग्रीनिचच्या हिशेबाने तेव्हा अजून २१ तारीखच होती.

२१-२२ अशी तारीख असलेला एक अहवाल पुण्याच्या कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा आहे. त्याच ग्रहणासाठी ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभारलेली तख्तसिंहजी वेधशाळा ते चालवत. तिथली २० इंची परावर्तक दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी होती. ते निवृत्त झाल्यावर, १९१२ साली, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. विजयदुर्गला साहेब एका ग्रहणापुरते आले आणि त्यांच्या नावाचा कट्टा झाला. पुण्यात नायगमवालांनी वर्षानुवर्षं आकाश पाहिलं. आज सीओईपीच्या दारात उभं राहून त्यांच्या वेधशाळेबद्दल विचारून बघा.