पिटातली समीक्षा

मराठीत चित्रपटाचा जो इतिहास लिहिला गेला तो दिग्दर्शकांचा, नटनट्यांचा, स्टुडिओंचा आणि पारितोषिकांचा. प्रेक्षकाचा इतिहास लिहिला गेला नाही. दलित प्रेक्षकाचा तर नाहीच नाही. वास्तविक ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यानंतर मुंबईत हा धंदा वाढला त्यात गिरणी, गोदी आणि कारखान्यांत राबणाऱ्यांच्या खिशातल्या पैशाचा वाटा मोठा होता. त्या राबणाऱ्यांत आपली माणसे होती. सर्वांत स्वस्त तिकीट काढून ती पडद्याच्या पुढ्यात, पिटात बसत. पिटातला प्रेक्षक शिट्ट्या मारतो, पडद्यावर पैसे उधळतो, एवढीच त्याची नोंद प्रस्थापित समीक्षेने घेतली. शिट्टी मारून बाहेर पडल्यावर तो मित्रांशी काय बोलतो, हे ऐकायला समीक्षक थांबला नाही.

माझे म्हणणे असे की, सिनेमा बघून आल्यावर चहाच्या टपरीवर होणाऱ्या या सहज गप्पा हीच दलितांनी केलेली पहिली चित्रपटसमीक्षा होय. ती कुठे छापली गेली नाही म्हणून ती नव्हती असे ठरत नाही. आपल्याकडे लेखणी उशिरा आली. डोळे पहिल्यापासून होते.

हे मी कांजूरमार्गच्या आधाराने मांडतो, कारण ऐकले ते तिथेच. विक्रोळी आणि भांडुप यांच्यामधले हे स्टेशन. पूर्वेला कांजूर गाव आणि मिठागरे, पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्ग. या रस्त्याच्या कडेने स्वातंत्र्यानंतरच्या काळात कारखाने वाढत गेले आणि गावगाडा सोडून आलेली माणसे त्यांच्या आसऱ्याने वस्ती करून राहिली. माझे वडील त्यांतलेच. त्यांना सही करता येई, वाचता येत नसे. जयंतीच्या आठवड्यात वस्तीत दोन बांबूंना पांढरा कपडा बांधून रात्री सिनेमा दाखवीत. पुढे जागा उरली नाही की उरलेली माणसे कपड्याच्या मागे बसत. मागून पाहणाऱ्याला अक्षरे उलटी दिसतात. वडील म्हणत, ‘मला दोन्हीकडून सारखीच.’ अक्षर वाचता न येणारी ही माणसे चित्र मात्र नीट वाचत होती.

त्यांच्या बरोबरीचे एक म्हातारे कामगार हरिश्चंद्राची गोष्ट निघाली की एकच वाक्य बोलत : ‘राजावर आलेलं सर्वांत मोठं संकट कोणतं, तर मसणात राबायचं. म्हणजे आपला पिढीजात धंदा.’ या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. सत्त्वपरीक्षेची परमावधी म्हणून कथेत राजाला डोमाचा चाकर व्हावे लागते आणि सारे प्रेक्षागृह त्याच्यासाठी रडते. जो जन्मापासून तेच काम करतो त्याच्यासाठी कोणी रडत नाही. त्याची परीक्षा कोणी घेत नाही आणि शेवटी देव प्रकट होऊन त्याला राज्यही देत नाही. भारतीय कथापटाच्या आरंभीच असलेली ही गोष्ट शाळा न पाहिलेल्या माणसाने अशी उलगडली.

आमची पिढी त्यानंतरची. रविवारी संध्याकाळी स्टेशनाबाहेर आम्ही पाच-सहा मित्र जमतो. एक इलेक्ट्रिशियन, एक बँकेत कारकून, एक टॅक्सी चालवतो, एक मॉलमध्ये साफसफाईच्या ठेक्यावर आहे. मी कॉलेजात शिकवतो म्हणून मला ‘मास्तर’ म्हणून चिडवतात. बोलणे राजकारणावरून सुरू होऊन सिनेमावर येते. जुना सिनेमा टीव्हीवर लागलेला असतो, नवा कोणीतरी मोबाईलवर पाहिलेला असतो.

‘अछूत कन्या’ (१९३६) आणि ‘सुजाता’ (१९५९) यांचा विषय निघाला तेव्हा टॅक्सीवाला मित्र म्हणाला, ‘पहिली गाडीखाली मरते, दुसरी रक्त देते. आपल्या पोरीनं काहीतरी दिल्याशिवाय यांचा सिनेमा संपतच नाही.’ बॉम्बे टॉकीजच्या पहिल्या चित्रपटात अस्पृश्य नायिका रेल्वे थांबवताना प्राण देते. बिमल रॉय यांच्या दुसऱ्यात सुजाताचे रक्त चालते म्हणून तिला वाढवणाऱ्या बाईचे मन पालटते. दोन्ही कलाकृती सद्हेतूने केलेल्या आहेत, हे मान्य. पण साल पाहावे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी कोणाच्या स्वीकाराची वाट न पाहता आपला मार्ग बदलला होता. तीन वर्षांनी आलेली सुजाता खचून गेली की गांधींच्या पुतळ्यापाशी जाते. नागपूरची वाट तिला कोणी दाखवत नाही. करुणा होती, पण जिच्याविषयी करुणा वाटायची तिचे म्हणणे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

‘दीवार’ (१९७५) हा आमच्या वडिलांच्या पिढीचा लाडका चित्रपट. गोदीत हमाली करणारा नायक, कामगारांचा पुढारी असलेला बाप, फुटपाथवर काढलेले दिवस. सगळे आपलेच. इलेक्ट्रिशियन मित्र म्हणाला, ‘सगळं आपलं, फक्त आडनाव वर्मा. अरे, फुटपाथवर झोपणाऱ्यात आपल्यापैकी एकही नव्हता काय?’ गरिबी दाखवायची पण जात पुसून टाकायची, ही हिंदी चित्रपटाची रीत एका आडनावावरून त्याने दाखवून दिली. आणि तरीही त्या नायकाचा राग आपल्या माणसांनी आपला मानला. भीमगीतांनी सिनेमाच्या चाली उचलल्या आणि त्यांत आपले शब्द भरले, तसेच हे. जे दिले नाही ते प्रेक्षकाने स्वतः भरून घेतले.

‘अंकुर’ (१९७४) आणि ‘फँड्री’ (१४ फेब्रुवारी २०१४ ला प्रदर्शित) यांची तुलना अभ्यासकांनी केली आहे. दोन्हींच्या शेवटी दगड आहे. श्याम बेनेगलांच्या चित्रपटात जमीनदाराने लक्ष्मीच्या नवऱ्याला फटकावल्यावर एक लहान मुलगा त्याच्या खिडकीवर दगड मारतो. नागराज मंजुळे यांच्या चित्रपटात जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्या, म्हणजे प्रेक्षकांच्या दिशेने. यावर आमच्यात मोठा वाद झाला. बँकेतला मित्र म्हणे, ‘तो दगड वरच्यांना.’ साफसफाईवाला म्हणाला, ‘मलापण लागला. मी डुक्कर पकडणारा नाही, म्हणून मीही हसलोच असतो त्याला.’ कैकाडी घरातल्या मुलाची ही गोष्ट आपल्या आतल्या पायऱ्यांचाही हिशेब मागते, हे त्याने बोलून दाखवल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही.

‘सैराट’च्या (२९ एप्रिल २०१६) शेवटाबद्दल तर अजून एकमत नाही. ‘दोन तास नाचवलं आणि शेवटी मारलं, कशाला?’ असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याने उत्तर दिले, ‘त्यानं नाही मारलं. खर्ड्यात मारलंच होतं.’ नगर जिल्ह्यातल्या खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी एका दलित शाळकरी मुलाचा मुलीशी बोलल्याच्या संशयावरून खून झाला होता. २०१७ मध्ये आरोपी न्यायालयातून निर्दोष सुटले. ज्याला ही तारीख पाठ आहे त्याला शेवट अकस्मात वाटत नाही. सौंदर्यशास्त्रात ज्याला अपरिहार्यता म्हणतात ती या मित्राने बातमीवरून ओळखली.

या गप्पांत एक मोठी उणीव आहे. त्या पुरुषांच्या आहेत. टपरीवर बाई बसत नाही. पण बायकांनीही सिनेमा पाहिला आणि मत बनवले. व्ही. शांतारामांचा ‘पिंजरा’ (१९७२) टीव्हीवर पाहून आई म्हणाली होती, ‘मास्तर आपल्या पायानं गेला ना? मग बाईनं बिघडवला कसा?’ तमाशापटांत नाचणारी असते, ढोलकी असते, फेटेवाले असतात. फक्त ज्या जातींच्या स्त्रियांवर ही कला आणि तिचा कलंक लादला गेला त्या जातींचे नाव नसते. आईने एका प्रश्नात निम्मा हिशेब मांडला होता.

हे सारे आज लिहून ठेवण्याची निकड का, तर ज्या जागी हे बोलणे होई त्या जागा जात आहेत. कारखान्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. हुमा मॉल झाला, त्यात मल्टिप्लेक्स आले. मल्टिप्लेक्सला पिट नसतो. मित्रांपैकी दोघांनी टिटवाळा आणि बदलापूरला घर घेतले. मोबाईलवर जो तो एकटा पाहतो आणि पुढच्याकडे जातो.

शिवाय पडद्यावर काय बोलायचे याचा झगडा संपलेला नाही. आचार्य अत्र्यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’ काढला. त्याच्या मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब उपस्थित होते आणि चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. सत्तर वर्षांनी, २०२५ मध्ये हिंदीत ‘फुले’ आला तेव्हा परीक्षण मंडळाने जातींची नावे आणि ‘पेशवाई’सारखे शब्द यांबाबत बदल सुचवले. ११ एप्रिल या जोतीरावांच्या जन्मदिनी ठरलेले प्रदर्शन २५ एप्रिलवर गेले. पडद्यावरून शब्द काढता येतो. टपरीवरच्या बोलण्याला कात्री लागत नाही; पण ते कोणी टिपले नाही तर आपोआपच नाहीसे होते.

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तिथे रिळे जपली जातात. रिळे पाहणारा जपण्याचे काम आपल्याला करावे लागेल, आणि त्याला पैसा लागत नाही. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी सुट्टीत घरातल्या आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे, विशेषतः बायांकडे, वही घेऊन बसावे. प्रश्न साधे असावेत : कोणता सिनेमा पाहिला, कुठे, कोणाबरोबर, तिकिटाचे पैसे कोणी दिले आणि बाहेर आल्यावर काय बोलणे झाले. उत्तरे त्यांच्याच बोलीत लिहावीत, शुद्ध करू नयेत.