गोठ्यापर्यंत वायफाय, घरच्याच वायरिंगवरून

गंधवानी (जि. धार) : घरातले मेश वायफाय गोठ्यात किंवा मागच्या खोलीत पोहोचत नसेल, तर पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी कामी येते. एक अडॅप्टर राउटरजवळ, दुसरा गोठ्यात लावायचा. दोन्हीकडे लॅन केबल जोडून गोठ्यातल्या टोकाला मेशचा दुसरा डबा बसवायचा. ५० हर्ट्झच्या विजेवर मेगाहर्ट्झचे संकेत धावतात. याचे ‘आयईईई १९०१’ मानक २०१० चे.

दोन्ही टोके एकाच मीटरवर, शक्यतो एकाच फेजवर हवीत. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा, एक्स्टेन्शन बोर्ड नको. मोटर सुरू झाली की वेग घसरू शकतो. लाईट गेली की नेटही जाते.

शेतीपंपाचे कनेक्शन वेगळे असेल, तर नेटपायी दोन मीटरच्या वायर एकमेकींना जोडू नका. जिवाशी खेळ होईल. तिथे जमिनीखालून फायबर टाकलेली बरी.