खाण नाही, तांबे आहे

नगर जिल्ह्यात सोन्या-चांदीची खाण शोधायला निघालेल्याच्या हाती काळा पाषाणच लागायचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा हा बेसॉल्ट. कर्नाटकातल्या कोलारचे सोने त्याहून कितीतरी जुन्या खडकांतले, आणि ती खाणही २००१ मध्ये बंद पडली.

तरीही धातूची मोठी नवलाई याच मातीत निघाली. १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. सगळे तांब्याचे, भरीव ओतकामाचे, मिळून साठ किलोंहून जड! रथ जेमतेम हातभर लांब. हाकणारा मात्र ऐटीत उभा. गेंड्याला आणि रेड्याला चक्क चाके आहेत. खेळणी म्हणावीत, तर कोणते मूल ती ओढणार?

प्रवरेच्याच वरच्या अंगाला, संगमनेरजवळच्या जोर्व्यालाही तांब्याच्या सहा कुऱ्हाडी मिळाल्या होत्या. हे तांबे इथल्या खडकातले नव्हे. ते बाहेरूनच आले.

दायमाबादच्या ठेव्याच्या काळावरून अभ्यासकांत एकमत नाही. त्यातल्या काही वस्तू मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. नगरकरांनी एकदा जाऊन त्या जरूर पाहाव्यात.