कशाच्या दुप्पट?

आजोबांनी माझ्याकडून पावकी, निमकी, दिडकी घोकून घेतली होती. त्यामुळे आकड्यांत आपल्याला कोणी फसवणार नाही, असा माझा समज होता. तो एका इस्पितळात मोडला. आईच्या पित्ताशयात खडे झाले होते. डॉक्टर म्हणाले, "मधुमेहामुळे शस्त्रक्रियेतला धोका दुप्पट आहे." मी घाबरलो आणि सही केली नाही. आई महिनाभर कळा सोसत राहिली. 'कशाच्या दुप्पट?' एवढे विचारणे मास्तर असूनही मला सुचले नाही!

पुढे वाचनात आले, की या दुप्पटीने एक अख्खा देश फसला होता. 1995 च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये सरकारी इशारा निघाला: संततिनियमनाच्या काही नव्या गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. असंख्य स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या. वस्तुतः 7000 स्त्रियांत एकीऐवजी दोघींना तो धोका होता, इतकेच. पुढल्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात अधिक झाले. आणि गुठळीचा धोका गोळीपेक्षा गर्भारपणातच जास्त असतो!

साक्षरतेच्या जोडीला 'अंकसाक्षरता' हवी, हा विचार इंग्लंडात क्राउदर अहवालाने 1959 सालीच मांडला होता. पण ती मोजावी कशी? 1997 मध्ये अमेरिकेत श्वार्ट्झ, वोलोशिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंडमधील माजी सैनिक स्त्रियांना तीनच प्रश्न घातले. नाणे हजारदा उडवले तर छाप किती वेळा पडेल? शेकडा एकाला बक्षीस लागणार असेल, तर हजारांत किती जणांना लागेल? आणि हजारांत एक म्हणजे शेकडा किती? तिन्ही उत्तरे बरोबर देणाऱ्या शंभरात अवघ्या 16 निघाल्या. स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीने आपला धोका किती घटतो, हेही अशाच स्त्रियांना अधिक नीट उमगले. म्हणजे हिशेब कच्चा, की निर्णयही कच्चा.

परंतु दोष ऐकणाऱ्याचाच असतो असे नाही. गिगेरेन्झर हे जर्मन मानसशास्त्रज्ञ सांगतात, की टक्के आणि पटी सोडून 'इतक्या माणसांत इतकी' असे सांगा. साध्या माणसालाही कळते.

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो आणि तो राहिलेला प्रश्न विचारला. ते म्हणाले, "हजारांत दोन दगावतात, यांच्यासारख्या चार." आई शाळेची पायरी कधी चढली नव्हती. ती म्हणाली, "अरे, म्हणजे नऊशे शहाण्णव घरी येतात की! कर सही."

यंदाच्या फराळाच्या चकल्या तिनेच तळल्या आहेत.