मूर्तिजापूरहून पुढे

साल १९०७. कारंज्याहून बैलगाडीने तुम्ही मूर्तिजापूरला आला आहात. फलाटावर कुणी गाव विचारलं तर कारंजा सांगा, पण वाशीम जिल्हा म्हणू नका. तो १९०५ मध्येच मोडला आणि पुन्हा व्हायला १९९८ उजाडणार आहे.

मुंबईकडून नागपूरची गाडी येते. तुमच्या समोरच्या बाकावर मांडीवर वही घेऊन बसलेले सत्तेचाळिशीचे गृहस्थ म्हणजे विष्णु नारायण भातखंडे. पत्नी १९०० मध्ये गेली, मुलगी १९०३ मध्ये. वकिली सुटली. आता गावोगाव फिरून ते आपल्या गाण्याचा इतिहास विचारतात. नागपूरनंतर कलकत्ता, पुरी, विजयनगरम, हैदराबाद.

दुसऱ्याच्या वहीत डोकावू नये, पण तुम्ही डोकावताच. कोण भेटलं, काय विचारलं, उत्तर काय मिळालं, सगळं टिपलेलं. तीन वर्षांपूर्वी दक्षिणेत एट्टयपुरमला त्यांना कर्नाटक संगीताचे जाणकार सुब्बराम दीक्षितर भेटले. व्यंकटमखीची 'चतुर्दंडिप्रकाशिका' ही संगीतावरची पोथी तिकडूनच हाती आली. तिच्यातले रागांचे ७२ मेळ त्यांच्या डोक्यात घोळताहेत. पुढे हिंदुस्थानी राग ते दहा थाटांत बसवतील.

कारंज्याच्या जैन मंदिरांतल्या पोथ्यांची बासनं तुम्हाला ठाऊक आहेत. पोथी आहे, पण आल्यागेल्याला दाखवायची नाही. उस्तादांच्या घरी चिजांचंही तेच.

तरी वही वाचताना मला गवयाचीच बाजू घ्यावीशी वाटते. वकिली सुटली, पण उलटतपासणी काही सुटली नाही. रागाचे स्वर असेच का, आधार कुठला? पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात सांभाळलेलं कुणी असं कागदावर मागितलं, तर माणूस गप्पच होणार. गंमत म्हणजे त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती', मराठीतले चार भाग, प्रश्नोत्तरांच्याच रूपात उतरली. फरक एवढाच की तिथे प्रश्न शिष्याचे आणि उत्तरं त्यांची.

१९२६ मध्ये लखनौला संगीताचं मॅरिस कॉलेज निघेल. 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग होतील, आणि मिळालेल्या चिजा तिच्यातून कुणालाही शिकता येतील, अगदी वाशीमच्या गायनवर्गातल्या पोरांनाही.

बडनेरा आलं. वही मिटते. तुम्ही इथंच उतरा, परतीची गाडी मिळेल.

दहा थाट कुणी मांडले, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. कुणाकुणाला विचारून मांडले, हे मात्र कुणी विचारत नाही.