एक दाढ भरली काय, सहा भरल्या काय!

सरकारी पैशातली दंतसेवा लोकांना मिळत नाही म्हटलं की आपण म्हणतो, 'निधी कमी, डॉक्टर कमी.' ते खरंच आहे. पण इतिहास अजून एक प्रश्न विचारायला लावतो: काम मोजलं कसं जातं? इंग्लंडचंच उदाहरण घ्या.

५ जुलै १९४८ ला तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. दातांचे उपचारही मोफत होते. कवळ्यांना इतकी मागणी आली की १९५१ मध्ये त्यांच्यावर शुल्क बसवलं गेलं. या वादात सेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं.

पुढचं मोठं वळण एप्रिल २००६ चं. दंतवैद्यांचं काम 'एककां'त मोजायला सुरुवात झाली. तपासणीला १ एकक, दाढ भरायला ३. आता बघा, एका उपचारात एक दाढ भरली तरी ३ आणि सहा भरल्या तरी ३च! म्हणजे ज्याचे दात सगळ्यात खराब, तोच रुग्ण दवाखान्याला सगळ्यात तोट्याचा. २०२२ मध्ये तीन किंवा जास्त दातांना ५ एककं मिळू लागली. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलला एका दवाखान्याबाहेर नाव नोंदवायला शेकडो लोक रांगेत उभे होते.

म्हणून तक्त्यातला आकडा उचलण्याआधी त्याचं एकक तपासा. झालेल्या उपचारांची एककं मोजली जातात. खुर्चीपर्यंत पोहोचलाच नाही, त्याच्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नसतो.